हजेरीपटावरून संख्याशास्त्राची ओळख

संख्याशास्त्र हा केवळ महाविद्यालयाचा विषय आहे, असा अनेक शिक्षकांचा समज असतो. वस्तुतः त्याची मूलतत्त्वे प्रत्येक शाळेच्या हजेरीपटात आहेत.

ज्या सर्वांविषयी माहिती हवी, त्या समुदायास समष्टी म्हणतात. तिच्यातून पाहणीसाठी घेतलेला भाग तो नमुना. वऱ्हाडातील प्रत्येक शेताचा कापूस तोलणे अशक्य. म्हणून यदृच्छेने गावे, त्या गावांतील शेते व शेतांतील लहान तुकडे निवडून तेवढेच पीक तोलतात. 1940 नंतरच्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. पानसे यांच्या प्रयत्नांनी ही पद्धत देशात रूढ झाली. कापसावरील तिचे आरंभीचे प्रयोग अकोला जिल्ह्यातही झाले. मनपसंत शेत निवडले तर नमुना फसवा ठरतो. पुढे बसणाऱ्या चार मुलांच्या वाचनावरून वर्गाची परीक्षा करणे, हा तोच दोष होय.

आता मध्य, मध्यक, बहुलक व विस्तार या संज्ञा पाहू. समजा, सीतादही होऊन वेचणी सुरू झाली आहे. महिन्यात कामाचे दिवस 24 असून सात मुलांची हजेरी अशी आहे : 2, 21, 21, 22, 22, 22, 23. बेरीज 133, तिला 7 ने भागता 19 येतात. हा मध्य, म्हणजेच सरासरी. चढत्या क्रमाने मांडलेल्या संख्यांतील मधली, म्हणजे चौथी संख्या 22, हा मध्यक. सर्वाधिक वेळा आलेली संख्याही 22, हा बहुलक. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संख्यांतील अंतर 21, हा विस्तार.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 19 दिवस हजर असलेले मूल वर्गात एकही नाही. सहा मुले सरासरीच्या वर आहेत आणि एकाच मुलाच्या गैरहजेरीने ती खाली ओढली गेली आहे. एकटी सरासरी कळविल्यास सर्व वर्गच थोडा अनियमित वाटेल. एकटा मध्यक कळविल्यास सारे ठीक वाटेल. दोन्ही वेळी आईबरोबर वेचणीस गेलेले ते दोन दिवसांचे मूल नजरेआड होते. ते विस्तारामुळे दिसते.

म्हणून मासिक गोषवारा तयार करताना शिक्षकांनी सरासरीशेजारी मध्यक व विस्तारही मांडावा, चौथीच्या मुलांकडून तो फळ्यावर काढवून घ्यावा, आणि विस्तार मोठा आढळल्यास त्याच सायंकाळी त्या मुलाच्या घरी जावे. आकड्यांचा खरा उपयोग तेथून सुरू होतो.