ब्रेक-पॅडची झीज

तंजावूरच्या आसपासचा कावेरीचा प्रदेश सपाट आहे. तेथे ब्रेकला काम थोडे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात भातखाचरांलगतच्या रस्त्यांवर चिखल होतो. त्यातील बारीक कण पॅड व चकती यांच्यामध्ये शिरून दोहोंना झिजवितात.

मोटारसायकल थांबते तेव्हा तिच्या गतिज ऊर्जेचे घर्षणामुळे उष्णतेत रूपांतर होते. वेग दुप्पट असल्यास ही उष्णता चौपट होते. पॅड जसजसा झिजतो, तसतसा कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकतो व त्यामागची जागा टाकीतील द्रव भरून काढतो. त्यामुळे ब्रेकची तरफ हाताला पूर्वीसारखीच लागते. म्हणून झीज डोळ्यांनीच पाहिली पाहिजे.

विजेरीच्या उजेडात पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर पाहावा. झीज दाखविणारी खाच नाहीशी झाली असल्यास, अथवा थर सुमारे १ मिलिमीटरच उरला असल्यास, त्या चकतीचे दोन्ही पॅड एकदमच बदलावेत. धातूची खरखर ऐकू येईपर्यंत थांबल्यास चकतीही खराब होते.

जुनी भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. दट्ट्या सावकाश मागे दाबावा. त्या वेळी टाकीतील द्रव वर चढतो, व तो सांडल्यास गाडीचा रंग निघतो. नव्या पॅडला तेलकट हात लावू नये. गाडी हलविण्यापूर्वी तरफ घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावी. हे राहून गेल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. नवशिक्याने हे काम जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली करावे.