टी-पेशींचे सहकार्य : क्षय, एड्स आणि कर्करोग

“रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे” असे डॉक्टर सांगतात, तेव्हा नेमके काय कमी झालेले असते हे घरच्या माणसांना बहुधा उमगत नाही. टॉनिकची बाटली आणली की ती शक्ती वाढते, ही समजूत मात्र परभणी शहरापासून जिंतूर-गंगाखेडच्या खेड्यांपर्यंत सर्वत्र आढळते. म्हणून या शक्तीचा मोठा आधार असलेल्या टी-पेशींची ओळख विद्यार्थी वाचकांना करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

टी-पेशी हा रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांचा उगम अस्थिमज्जेत होतो आणि छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्या तयार होतात. ‘टी’ हे अक्षर थायमसचेच. त्यांचे दोन प्रमुख गट आहेत. मारक पेशी (सीडी-८) विषाणूने ग्रासलेली किंवा कर्करोगी झालेली पेशी ओळखून तिला नष्ट करतात. सहाय्यक पेशी (सीडी-४) स्वतः सहसा मारत नाहीत, इतरांना कामाला लावतात. क्षयाचे जंतू आपल्या भक्षक पेशींच्या पोटातच ठाण मांडून बसतात. त्यांना मारण्याचे बळ भक्षक पेशीला येते ते मुख्यतः सहाय्यक पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या द्रव्यामुळे. एचआयव्हीचा विषाणू नेमका या सहाय्यक पेशींवरच घाला घालतो. एड्सच्या रुग्णाला क्षय का गाठतो आणि दवाखान्यात ‘सीडी-४’ का मोजतात, याचे उत्तर येथे आहे. २०१७ पासून आपल्या देशात हा आकडा कितीही असला तरी एचआयव्हीबाधिताला मोफत औषधे लगेच सुरू केली जातात, आणि नियमित घेतल्यास बहुतेकांचा आकडा पुन्हा चढतो.

सर्दी-पडसे आठवड्यात आटोपते. खरी कसोटी वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या आजारात लागते. जागलीला गेलेला गडी एक-दोन रात्री एकटा काढील. पण हंगामभर जागल करायची तर घरून भाकरी पोचली पाहिजे. मारक पेशींचेही तसेच आहे. शत्रू सतत समोर राहिला की त्या जिवंत असूनही निकामी होतात. शास्त्रज्ञ याला पेशींचा ‘थकवा’ म्हणतात. उंदरांमध्ये सहाय्यक पेशी नसतील तर हा प्रकार किती तीव्र होतो, हे १९९८ साली अमेरिकेतील ज्या संशोधकांनी दाखवले त्यांत डॉ. रफी अहमद होते. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. आपल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीचेही विद्यापीठ तेच! पुढे २००९ साली या ‘भाकरी’चे नावही कळले : सहाय्यक पेशींकडून येणारे इंटरल्युकिन-२१.

कर्करोगातही मारक पेशी अशाच थकतात. त्यांच्यावरील ‘ब्रेक’ काढणाऱ्या उपचारांचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. दुसरा मार्ग आपल्या मुंबईत साकारला. आय.आय.टी. मुंबईचे डॉ. राहुल पुरवार व टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांच्या प्रयत्नांतून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार तयार झाला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगी बी-पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. परदेशात कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास आला. अर्थात मोलमजुरी करणाऱ्या घराला चाळीस लाख काय आणि चार कोटी काय!

अमेरिकेत २०१० साली असा उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी टिकून होत्या. तपासणीत आश्चर्य असे निघाले, की टिकलेल्यांत बहुसंख्य सीडी-४ गटाच्या होत्या, आणि त्या स्वतः मारण्याचेही काम करू शकत होत्या.

नेक्सकार-१९ हा उपचार रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या काही कर्करोगांपुरता आहे. तंबाखूमुळे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर तो चालत नाही; त्यातील टी-पेशी बी-पेशी ओळखायला शिकवलेल्या असतात, आणि तोंडाचा कर्करोग बी-पेशींचा नसतो.