न बोलणाऱ्या यंत्राची हजेरी



हजेरी घेताना ज्या मुलाचे उत्तर येत नाही ते गैरहजर आहे, एवढेच आपणांस कळते. त्याला ताप आला, वाटेवरील नाल्याला पूर आला, की कापूस वेचणीसाठी घरच्यांनी ठेवून घेतले, हे हजेरीपट सांगत नाही. त्यासाठी चौकशी करावी लागते, आणि चांगला शिक्षक ती त्याच दिवशी करतो. संगणकांच्या विस्तीर्ण जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की, त्यांच्या हजेरीपटावर यंत्रांची नावे असतात व ती लाखांच्या घरात असतात.

असे एक जाळे आपल्या दारापर्यंत आले आहे. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. २०१५ साली तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. आपल्या जिल्ह्याच्या १६ तालुक्यांतील ग्रामपंचायतीही तिच्या कक्षेत येतात. योजनेच्या मूळ रचनेत तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य यंत्र असते. तेथून निघालेला तंतू वाटेत प्रकाश विभागणाऱ्या साधनातून जातो व त्याच्या शाखा गावोगावच्या लहान पेट्यांना मिळतात. जेथे शाळेची जोडणी याच पेटीवरून घेतलेली असते, तेथे पेटी मुकी झाली की शाळाही तुटते.

आता या सर्व पेट्यांची विचारपूस कशी करावयाची? हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्या २,४०,००० धरू. एकीला विचारून, उत्तरासाठी एक सेकंद थांबून, मग दुसरीला विचारावयाचे ठरविले, तर एक फेरी पुरी होण्यास सुमारे ६७ तास लागतील. सोमवारी सकाळी पडलेला बिघाड कदाचित गुरुवारी कळेल. उलट दर पाच मिनिटांनी प्रत्येकीची खबर हवी असेल, तर दर सेकंदास ८०० प्रश्न पाठवावे लागतील. हे उदाहरण पाचवीच्या मुलांकडून सोडवून घेण्याजोगे आहे.

यावरील पहिला उपाय असा की, एकाच्या उत्तरासाठी थांबून राहावयाचे नाही. प्रश्न अनेकांना एकदम पाठवावे व उत्तरे येतील तशी टिपून घ्यावी. दुसरा उपाय आपल्या परिचयाचा आहे. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी प्रत्येक शाळेस रोज विचारीत नाहीत. केंद्रप्रमुख आपल्या शाळांची माहिती एकत्र करून वर पाठवितात. जाळ्यातही ठिकठिकाणी माहिती गोळा करणारी दुय्यम यंत्रे ठेवतात व मध्यवर्ती केंद्राकडे केवळ गोषवारा जातो. तिसरा उपाय, सर्वच गोष्टी सारख्या वेळा विचारावयाच्या नाहीत. पेटी जागी आहे की नाही हे वारंवार पाहावे. तिचा अनुक्रमांक दिवसातून एकदा विचारला तरी पुरे. तीच माहिती तीन-तीन प्रपत्रांत भरणाऱ्या शिक्षकास या नियमाचे मर्म निराळे सांगावयास नको.

निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांना एकच प्रश्न समजावा म्हणून १९८८ साली 'एसएनएमपी' नावाची सामाईक पद्धत ठरली. तिच्यात प्रत्येक माहितीला छापील प्रपत्रातील रकान्याप्रमाणे ठराविक क्रमांक असतो, त्यामुळे प्रश्न लहान राहतो. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत पुष्कळ रकाने एकाच प्रश्नात मागविण्याची सोय झाली. याखेरीज यंत्राने न विचारताच संकटाची वर्दी द्यावी, अशीही तरतूद या पद्धतीत आहे. परंतु वर्दी वाटेत हरवू शकते, आणि तारच तुटली तर ती निघणारच कशी? म्हणून वर्दी आणि विचारपूस दोन्ही लागतात.

खरे कौशल्य मौनाचा अर्थ लावण्यात आहे. एका शाखेवरील सर्व पेट्या एकदम गप्प झाल्या, तर शंभर बिघाड झाले असे न मानता त्यांच्या सामाईक तंतूत किंवा मुख्य यंत्रात एकच बिघाड झाला आहे, असे प्रथम धरावे. एकच पेटी गप्प झाली, तर वीज गेली की तंतू तुटला? यासाठी पेटीत एक मार्मिक योजना असते. वीज जाताच, आत साठलेल्या अल्प विजेवर ती क्षणार्धात एक शेवटचा संदेश पाठविते. तंत्रज्ञ त्यास 'डाइंग गॅस्प', म्हणजे मरतानाचा उसासा, म्हणतात. उसासा आला तर वीज गेली; उसासा न येता मौन पडले तर तंतूवर संशय घ्यावा. मग तंत्रज्ञ तंतूत प्रकाशाचा झोत सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजतात. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परत आला, तर जाऊन-येऊन २० किलोमीटर झाले; म्हणजे तूट १० किलोमीटरवर आहे.

मात्र ही सारी योजना आपल्या एका भाबड्या सवयीने निष्फळ होऊ शकते. माझ्या पाहणीतील एका शाळेत वीज वाचावी म्हणून पेटीचे बटन रोज सायंकाळी बंद करीत. केंद्रास रोज उसासा मिळे व रोज सकाळी पेटी जागी होई. एके रात्री रस्त्याच्या खोदकामात तंतू तुटला. तेव्हा पेटी बंदच होती. केंद्राच्या नोंदीत तिचा अखेरचा शब्द 'वीज गेली' हाच राहिला, आणि ते वीज येण्याची वाट पाहत राहिले. दिवस शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरण्याचे होते. शिक्षकांना दुचाकीवरून तालुक्यास जाऊन ते भरावे लागले. त्या काळात मी शाळेस भेट दिली होती आणि भेटवहीत 'जोडणी आहे' असा शेरा लिहिला होता. पेटी भिंतीवर होती, ती मी पाहिली. दिवा पाहिला नाही. तो दोष माझा होता.

भारतनेटच्या २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत तंतू कड्यासारखा फिरविण्याची रचना आहे. एका बाजूने तुटला तरी संदेश दुसऱ्या बाजूने येतो. हा मोठाच लाभ. परंतु पहिली तूट गावास जाणवतच नाही, आणि ती दुरुस्त होण्यापूर्वी दुसरी झाली की गाव अंधारात जाते. जेथे तक्रार होत नाही तेथेच देखरेखीची गरज अधिक, हे आपण वर्गातील अबोल मुलांवरून जाणतोच.

तेव्हा आपणांस पुढील गोष्टी करता येतील:

१. पेटीचे बटन विनाकारण बंद करू नये. करणे भाग पडल्यास तारीख व वेळ वहीत लिहावी.

२. परिपाठानंतर पेटीचे दिवे पाहावे. विजेचा दिवा लागलेला असून 'एलओएस' हा लाल दिवा लागत असेल, तर प्रकाश येत नाही असे समजावे व ते त्याच दिवशी कळवावे.

३. कळविताना 'नेट बंद आहे' एवढेच न लिहिता कोणता दिवा, केव्हापासून, गावात वीज आहे काय, कोठे खोदकाम चालू आहे काय, हे लिहावे.

४. तुटलेल्या तंतूच्या टोकात डोकावून पाहू नये व मुलांस पाहू देऊ नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्यास अपाय करू शकतो.

यंत्र फार तर आपण गप्प का झालो एवढे सांगून गप्प होते. त्यापुढील चौकशी माणसालाच करावी लागते, आणि गावात ती करणारा पहिला माणूस बहुधा शिक्षकच असतो.