‘ध’चा ‘मा’ आणि जामिनाचा कागद

नारायणराव पेशव्यांविषयीच्या पत्रातील ‘ध’चा ‘मा’ झाला, ही आख्यायिका मराठी मुलाला इतिहासाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच ठाऊक असते. 1773 साली शनिवारवाड्यात झालेल्या त्या खुनामागे खरोखरच एका अक्षराचा फेरफार होता की नव्हता, हा संशोधकांचा प्रश्न आहे. परंतु लोकांनी ती कथा अडीच शतके जपली, यात एक शहाणपण आहे. माणसाचे बरेवाईट सत्ताधीशाच्या किंवा न्यायाधीशाच्या मुखातून ठरत असले, तरी ते प्रत्यक्षात घडते कागदावरून. आणि कागद लिहिणारा हात चुकू शकतो.

आजच्या न्यायालयात असा कागद म्हणजे जामिनावरील सुटकेचा आदेश. न्यायाधीशाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी सुटला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. वस्तुतः तेथून पुढे एक लांबलचक वाट सुरू होते. आदेश टंकलिखित व्हायचा, त्याची मूळ टिपणाशी रुजवात व्हायची, जातमुचलका आणि जामीनदाराचे कागद तपासले जायचे, मग सुटकेचे पत्र तुरुंगात जायचे. तेथे नाव, वडिलांचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक, कलमे पडताळायची आणि तो इसम दुसऱ्या एखाद्या खटल्यात हवा आहे काय, हेही पाहायचे. या वाटेवर एकाच नावाचे दोन आरोपी असले, एक आकडा उलटसुलट पडला, दुसऱ्या न्यायालयाचे वॉरंट नोंदवायचे राहिले किंवा ‘नामंजूर’मधला ‘ना’ गळाला, तर जो आत राहायला हवा तो बाहेर पडतो; नाहीतर जो बाहेर यायला हवा तो आत राहतो.

दोन चुका, दोन न्याय

यांपैकी पहिली चूक तत्काळ डोळ्यांवर येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च 2025 अखेरच्या वर्षात 262 कैदी चुकून सोडले गेले. आदल्या वर्षी ही संख्या 115 होती. ऑक्टोबर 2025 मध्ये चेम्सफर्डच्या तुरुंगातून लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला एक कैदी असाच सुटला. न्यायमंत्र्यांना संसदेपुढे निवेदन करावे लागले, सुटकेपूर्वीच्या तपासण्या कडक करण्यात आल्या आणि पोलिसांनी दोन दिवसांत त्या कैद्याला लंडनमध्ये पकडले. हा गहजब अनाठायी होता, असे कोणीही म्हणणार नाही. ज्या स्त्रीने धैर्याने फिर्याद दिली, ज्या साक्षीदाराने भर न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवले, त्यांच्या दारावर ही कारकुनी चूक रात्री-अपरात्री थाप मारू शकते.

पण दुसऱ्या चुकीचे काय? बिहारमध्ये रुदुल शहा नावाचा इसम जून 1968 मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटला; तुरुंगातून मात्र तो ऑक्टोबर 1982 मध्ये बाहेर आला. मधली चौदा वर्षे कोणत्या अधिकाराने त्याला डांबले होते, याचे समाधानकारक उत्तर सरकारपाशी नव्हते. 1983 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याला भरपाई देवविली, म्हणून हे नाव कायद्याच्या पुस्तकात राहिले. गुजरातमध्ये एका कैद्याची शिक्षा उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये स्थगित करून त्याला जामीन दिला. आदेश ई-मेलने तुरुंगात पोहोचला. पण सोबतचे जोडपत्र उघडले गेले नाही. सत्र न्यायालयाकडेही आदेश गेला होता. त्याचा अंमल झाला की नाही, हे तेथेही कोणी पाहिले नाही. तो माणूस आणखी जवळजवळ तीन वर्षे आतच राहिला. गाझियाबादमध्ये 2025 साली सर्वोच्च न्यायालयानेच जामीन दिलेला एक कैदी, आदेशात एका पोटकलमाचा उल्लेख नाही या सबबीवर 28 दिवस अडकून पडला.

संख्याशास्त्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, पहिल्या प्रकारची चूक कमी करू गेल्यास दुसऱ्या प्रकारची वाढते. जामीन द्यावा की न द्यावा, या निर्णयाला हा नियम लागू पडतो. न्यायाधीश जितका कठोर, तितके निरपराध अधिक काळ आत. परंतु एकदा झालेला निर्णय तुरुंगापर्यंत अचूक पोहोचविण्यास तो लागू पडण्याचे कारण नाही. नीट केलेल्या रुजवातीने दोन्ही चुका एकदमच कमी होतात. मग तुरुंगाच्या दाराशी पारडे नेहमी एकाच बाजूला का झुकते? कारण उघड आहे. चुकून सोडणारा अधिकारी निलंबित होतो. चुकून डांबणाऱ्याला सहसा कोणी विचारतही नाही. अशा स्थितीत शंका आली की कागद परत पाठवणे, हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. त्या शहाणपणाची किंमत दुसराच कोणीतरी मोजत असतो.

स्वातंत्र्याचा दर

ही किंमत कोण मोजतो, हेही पाहण्यासारखे आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्याच्या मुलाला फेब्रुवारी 2022 मध्ये मिळालेल्या जामिनाच्या आदेशातून दोन कलमे राहून गेली होती. वकिलांनी धाव घेतली, आदेश दुरुस्त झाला आणि मूळ आदेशापासून पाचव्या दिवशी तो बाहेर होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन रद्द केला, ही गोष्ट वेगळी. चूक श्रीमंताच्या आणि गरिबाच्या कागदात सारखीच होते. ती दुरुस्त होण्याचा वेग मात्र पाठपुरावा करणाऱ्या माणसावर ठरतो. 2022 अखेर भारतातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक. त्यांतील कितीजणांना पाचव्या दिवशी वकील धाडता येईल?

भरपाईचा हिशेबही मांडून पाहावा. गाझियाबादच्या कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने पाच लाख रुपयांची अंतरिम भरपाई देवविली. म्हणजे दिवसाला सुमारे अठरा हजार. गुजरातच्या कैद्याला मिळाले एक लाख. दिवसाला शंभर रुपयेही नाहीत. रुदुल शहाला आधी दिलेले धरून पस्तीस हजार. दिवसाला सात रुपयांहूनही कमी. रुपयाच्या घसरत्या मोलाची वजावट केली तरी ही तफावत समजत नाही. टपाल खात्यात हरवलेल्या रजिस्टर पत्राच्या भरपाईला नियम होता. हरवलेल्या दिवसांना नाही.

यंत्र आले की हे सारे मिटेल, असा एक भाबडा विश्वास आढळतो. जुलै 2021 मध्ये सरन्यायाधीश रमणा यांनी, आदेशांसाठी अजून आकाशातल्या कबुतरांची वाट पाहायची काय, असा उद्वेग व्यक्त केला आणि मार्च 2022 अखेर आदेश विद्युतमार्गे पाठविणारी ‘फास्टर’ ही व्यवस्था सुरू झाली. ती हवीच होती. पण गाझियाबादचे 28 दिवस त्यानंतरचे आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात संगणकाच्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे 2002 ते 2015 या काळात सुमारे 3,200 कैदी मुदतीपूर्वी सुटले. कारकून एका वेळी एक चूक करतो; यंत्र तीच चूक हजारदा, न थकता करते.

तेव्हा उपाय यंत्राइतकाच जुन्या जमाखर्चाच्या शिस्तीत शोधावा लागेल. बँकेतला कारकून रोकड जुळल्याशिवाय घरी जात नाही. न्यायालयाने दिलेले जामीन आणि तुरुंगाने केलेल्या सुटका यांचा असाच रोजचा मेळ का घालू नये? सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलेच आहे की, आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाधीक्षकाकडे जावा आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्यात आणखी दोन गोष्टींची भर हवी. चुकून डांबलेल्या प्रत्येक दिवसाची भरपाई कायद्याने ठरवून, न मागता दिली जावी. आणि चुकून झालेल्या सुटकांप्रमाणेच लांबलेल्या सुटकांचा आकडाही दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. अर्थात, कामाखाली दबलेल्या एका कारकुनाला बळी देऊन मोकळे होणे, हा यातला उपाय नव्हे.

नारायणरावांच्या खुनाचा न्याय करणाऱ्या रामशास्त्र्यांचे नाव आपण आदराने घेतो आणि ते घ्यायलाच हवे. परंतु निःस्पृह न्यायाधीशाचा शब्दही अखेर कोणाच्या तरी टेबलावरूनच पुढे जातो. तेथे बसून मूळ टिपणावर एक बोट आणि प्रतीवर दुसरे बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहणाऱ्या माणसाची न्यायाला तितकीच गरज आहे.