विश्लेषण : नागपूरची उष्णतेची लाट आणि कोडमधली छोटी चिन्हं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जाणं नवं नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागातल्या केंद्रावर कमाल तापमान ४५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ते किमान ४० असून सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. हा नियम संगणकाला पायथॉन भाषेत सांगायचा तर चिन्हं जपून वापरावी लागतात. या चिन्हांना ऑपरेटर म्हणतात.

समजा, कोणी लिहिलं : तापमान > ४५. पारा बरोबर ४५ वर थांबला, तर ही अट खोटी ठरेल आणि इशारा जाणारच नाही. इथे >= हवं, म्हणजे ‘पेक्षा जास्त किंवा तितकंच’. एका चिन्हाची चूक, पण प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता चालत राहतो. खरी अडचण तीच.

पूर्ण नियम असा होईल :

तापमान >= ४५ ऑर तापमान >= ४० अँड फरक >= ४.५

गणितात गुणाकार बेरजेच्या आधी होतो, तसा इथे ‘अँड’ हा ‘ऑर’च्या आधी सोडवला जातो. म्हणून हे बरोबर आहे. पण पहिल्या दोन अटींभोवती कंस टाकला, तर अर्थच बदलतो. सरासरी ४३ असताना पारा ४५.२ वर गेला, तर फरक २.२ चाच आणि उत्तर ‘खोटं’. (पायथॉनमध्ये ‘तापमान’ हे नाव देवनागरीत चालतं. आकडे आणि ‘ऑर’, ‘अँड’ मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात.)

सर्वाधिक गोंधळ = आणि == यांचा. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापलं, ते समानता दाखवायला. पायथॉन, सी अशा भाषांत मात्र = म्हणजे ‘या नावात ही किंमत ठेव’ आणि == म्हणजे ‘दोन्ही सारखे आहेत का?’ २००३ मध्ये लिनक्सच्या कोडच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासल्यासारखं दिसत होतं, पण तिथे == ऐवजी = होतं. शून्य म्हणजे सर्वाधिकारी. तपासणीच्या नावाखाली सगळे अधिकार हाती देणारी ती ओळ होती. त्या बदलाची रीतसर नोंद नसल्याने ती वेळीच पकडली गेली.

सी भाषेत असं लिहिता येतं; पायथॉन अटीतलं = थेट नाकारतो. तिथे मुद्दाम किंमत ठेवायची असेल तर := वापरतात. २०१९ मध्ये आलेल्या या चिन्हावर इतका वाद झाला की त्यानंतर पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी २०१८ मध्येच अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला होता.

भागाकाराची दोन चिन्हं कळमन्याच्या बाजारात सहज समजतील. ५०० संत्री, एका पेटीत ४८. मग ५०० // ४८ म्हणजे भरलेल्या पेट्या, १०. आणि ५०० % ४८ म्हणजे उरलेली संत्री, २०. टक्केवारीशी या % चा काही संबंध नाही. तसंच २ चा घन हवा असेल तर २ ** ३ लिहायचं, उत्तर ८. सवयीने २ ^ ३ लिहिलं तर उत्तर येतं १, कारण ते चिन्ह बिटांची तुलना करतं.