विश्लेषण : लेंटचे ४० दिवस... वाचवलेला घास जातो कुठे?

यंदा १८ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती बांधवांचा लेंट, म्हणजेच उपवासकाळ सुरू होत असून ५ एप्रिलला ईस्टरने त्याची सांगता होईल. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले, तेव्हापासून आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती परंपरा रुजली आहे. या काळात नेमके काय पाळले जाते आणि कशासाठी, याचा हा आढावा.

४० दिवस कसे मोजतात?

राखेचा बुधवार ते ईस्टरचा आदला दिवस असे कॅलेंडरवर ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो. येशूने अरण्यात केलेल्या ४० दिवसांच्या उपवासाची ही आठवण.

उपवास सक्तीचा असतो का?

कॅथलिक पंथात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी तो बंधनकारक आहे. १८ ते ५९ वयोगटातील व्यक्तीने एकदाच पूर्ण जेवायचे, बाकी दोन वेळा थोडेसे खायचे. आजारी, गरोदर आणि अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना सूट असते. म्हणजे उन्हात ऊस तोडणाऱ्याने उपाशी राहावे, अशी धर्माची अपेक्षा नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये भर असतो तो प्रार्थनेवर आणि गुड फ्रायडेला क्रूसावरील सात उद्गारांवर होणाऱ्या प्रवचनांवर.

मग आनंद कुठे?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की उपवास करताना तोंड उतरवून बसू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. त्याग लोकांना दाखवण्यासाठी नसतो, हा त्याचा अर्थ. लेंटचा चौथा रविवार तर आनंदाचाच मानतात. यंदा तो १५ मार्चला आहे. त्या दिवशी कॅथलिक धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात.

वाचलेल्या घासाचे काय?

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे लेंटचे तीन आधार. वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर ते नुसते डाएट ठरते. यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात खरा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटेकरी करणे, असे म्हटले आहे. ‘कॅरिटास इंडिया’ ही संस्था याच काळात भूक आणि रोगराईविरोधी मोहीम राबवते.

जिल्ह्याने काय पाहिले?

मराठी ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाची वाट दाखवणारे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अहमदनगर, राहुरीत अनेक वर्षे काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांनी जिल्ह्यातील दुष्काळी गावांत पाणलोटाची कामे उभी केली. १९९३ मध्ये ‘वॉटर’ संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. या कामांची अट होती श्रमदान आणि चराईबंदी. ज्याच्या दारात चार शेळ्या होत्या, त्याने मोकळी चराई सोडली तेव्हा डोंगरावर गवत उगवले आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू लागले. हा त्याग करणारे बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते. पण स्वतःचे थोडे सोडायचे आणि ते सर्वांच्या उपयोगी पडू द्यायचे, ही लेंटची शिकवण वेगळे काही सांगत नाही.