डाग कुणाच्या पैशाला?

पंचवटीत आलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याची नामावळी पाहतो. आजोबांच्या नोंदीखाली वडिलांची, वडिलांच्या नोंदीखाली त्याची. मधली एखादी पिढी खोडली, तर खालची नोंद वरच्या नोंदीशी जुळत नाही.

बिटकॉइन हे आभासी चलन 2009 साली सुरू झाले. त्याची खातेवही थोडीफार अशीच आहे. व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्यावरून गणिताने काढलेली एक खूण असते. तिला 'हॅश' म्हणतात. जुनी नोंद बदलली की खूण बदलते आणि लबाडी उघडी पडते. नामावळी एका उपाध्यायांच्या घरी असते. ही वही मात्र जगभरच्या हजारो संगणकांवर असते आणि कुणालाही वाचता येते. तिच्यात नावे नसतात, फक्त सांकेतिक पत्ते असतात. म्हणजे हे चलन पूर्णपणे गुप्त असते, हा समज अर्धाच खरा आहे. चोरीच्या पैशाचा माग पोलिसांना काढता येतो.

मग अडचण कोठे येते? समजा, एका खात्यात 900 रुपये होते. नंतर त्यात चोरीचे 100 रुपये आले. मग खातेदाराने तुम्हाला 100 रुपये दिले. यांतले डागी किती? दुधात लिंबाचा थेंब पडला की सारे दूध नासते, या न्यायाने 100. पाण्यात शाई सर्वत्र पसरते, या न्यायाने 10. नळीत जो मणी आधी घातला तो आधी बाहेर पडतो, या न्यायाने शून्य. हा तिसरा नियम इंग्लंडमधील न्यायालयाने 1816 साली 'क्लेटन' खटल्यात वापरला होता. व्यवहार एकच, पण उत्तरे तीन! कोणते घ्यायचे हे गणित सांगत नाही, ते आपणच ठरवायचे असते.

सामान्य माणसाचा संबंध येथे येतो. एखादा आपले बिटकॉइन विकतो. घेणारा फसवणुकीतून मिळालेले पैसे त्याच्या बँक खात्यात भरतो. तक्रार होते आणि विकणाऱ्याचे खाते गोठते. दोन हजारांचा वाद असला, तरी घरभाडे, शाळेची फी, सारेच अडते. हा लिंबाचा न्याय झाला. केरळ उच्च न्यायालयाने 2023 साली एका प्रकरणात बंधन वादग्रस्त रकमेपुरतेच ठेवण्यास सांगितले, ते यासाठीच.

याचा अर्थ कारवाई नको, असा नाही. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा 10 टक्के परतावा 18 महिने देण्याचे आमिष होते. हजारो लोक फसले, आणि 2018 साली पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपीला अटक केली. परंतु त्याच वर्षी 6 एप्रिलला रिझर्व्ह बँकेने आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास सर्व बँकांना मनाई केली. ठगांबरोबर प्रामाणिक लोकांचेही बँकेचे दार बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ही मनाई रद्द केली. बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. परंतु बँकांचे कोणते नुकसान झाले ते दाखवलेले नसताना इतका कडक उपाय प्रमाणाबाहेर आहे, असे म्हटले. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका चलनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे एकात 100 मिळवून दुसऱ्यात 100 गमावले, तरी 30 रुपये कर भरावा लागतो.

वर्गात हे करून पाहा. एका पेल्यात दूध, दुसऱ्यात पाणी, आणि दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीत पांढरे मणी घ्या. दुधात लिंबू, पाण्यात लाल शाई, नळीत एक लाल मणी घाला. मग तिन्हींतून थोडे थोडे बाहेर काढा आणि मुलांना विचारा : पैसा यांपैकी कशासारखा मानला, तर चोर सापडेल आणि निरपराध माणूस सुटेल?